तीस दिवस आणि एक ऋतू

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराजवळ तिमारपूर नावाचा भाग आहे. तेथे 1987च्या सुमारास कचरा जाळून वीज निर्माण करणारी एक भट्टी उभारण्यात आली. तंत्रज्ञान डेन्मार्कचे होते, क्षमता दररोज 300 टन कचऱ्याची आणि अपेक्षित वीज 3.75 मेगावॅट. चाचणीचे जेमतेम तीन आठवडे ती चालली आणि नंतर बंद पडली. कारण साधे होते. ज्या उष्मांक मूल्याचा कचरा गृहीत धरून भट्टीची रचना केली होती, तसा कचरा दिल्लीत नव्हता.

हा हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही मांडता येतो. समजा, एक किलो मिश्र कचऱ्यात अर्धा किलो पाणी आहे, पाव किलो माती, राख व खडी आहे आणि उरलेला पाव किलो खरोखर जळणारा आहे. जळणाऱ्या भागातून किलोमागे 4000 किलोकॅलरी उष्णता मिळते असे मानले, तर पाव किलोतून 1000 किलोकॅलरी हाती येतात. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे 600 किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्ध्या किलोला 300. शिल्लक राहिल्या 700. भारताच्या 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ऊर्जानिर्मितीस योग्य कचऱ्याची रेषा 1500 किलोकॅलरीवर आखली होती. तिमारपूरला नेमके काय घडले असावे, याचे चित्र एवढ्या गणितातून स्पष्ट होते.

या गणितातील आकडे कोणत्या प्रयोगशाळेत लपलेले नव्हते. घरातील कचऱ्यात भाजीची साले, उरलेले अन्न आणि चहाचा चोथाच अधिक असतो, हे प्रत्येक गृहिणीस माहीत होते. कागद, पुठ्ठा व प्लास्टिक, म्हणजे जे उत्तम जळते ते सारे, महापालिकेची गाडी येण्यापूर्वीच कबाडीवाला उचलून नेतो, हे कबाडीवाल्यास माहीत होते. रस्ता झाडणाऱ्या कामगारास कचऱ्यात किती धूळ मिसळते याचा अंदाज होता. ही माहिती शहरात सर्वत्र विखुरलेली होती. मात्र ती एकत्र येऊन प्रकल्पाच्या कागदपत्रात उतरावी, अशी जागाच तेव्हाच्या कायद्यात नव्हती.

ती जागा पुढे निर्माण झाली. 27 जानेवारी 1994 रोजी केंद्र सरकारने पर्यावरण आघात मूल्यमापनाची पहिली अधिसूचना काढली आणि एप्रिल 1997च्या दुरुस्तीने तिच्यात जनसुनावणी आली. पुढे 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेने आजची चौकट घालून दिली. जनसुनावणीकडे बहुतेक विज्ञानाभ्यासक राजकीय गोंगाट म्हणून पाहतात. तिची नियमावली वाचली की वेगळे चित्र दिसते. ही निरीक्षणे गोळा करण्याची पद्धत आहे, आणि कोणत्याही मापनपद्धतीप्रमाणे तिलाही स्वतःच्या अटी, मर्यादा व त्रुटी आहेत.

नियम असे आहेत. सुनावणीची सूचना एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात किमान 30 दिवस आधी प्रसिद्ध झाली पाहिजे. मूल्यमापनाचा मसुदा आणि त्याचा सारांश ठरावीक कार्यालयांत पाहण्यास ठेवला पाहिजे. सारांश इंग्रजीबरोबरच राज्याच्या अथवा स्थानिक भाषेत हवा. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असावा. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण व्हावे. उपस्थितीची किमान संख्या ठरवलेली नाही. सभागृह रिकामे असले तरी सुनावणी वैध ठरते. शेवटी, मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत उपस्थितांसमोर वाचून दाखवला पाहिजे आणि मगच इतिवृत्तावर स्वाक्षऱ्या व्हाव्यात.

यातील किमान संख्येची अट नसणे ही बाब विचार करण्याजोगी आहे. रिकामे सभागृह म्हणजे कोणाची हरकत नाही, असा अर्थ लावणे सोपे जाते. भौतिकशास्त्रात संवेदकाने शून्य दाखवले की पहिला प्रश्न असतो, संवेदक चालू होता का? सूचना इंग्रजी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर आली, मसुदा शेकडो पानांचा आणि इंग्रजीत होता, सभा कामाच्या दिवशी सकाळी होती. अशा स्थितीतील शून्य हे मोजमाप मानता येत नाही.

भाषेचा प्रश्न दिल्लीतच एकदा न्यायालयासमोर आला होता. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने 2006च्या अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा तयार केला. त्यात सुनावणीपूर्वीची मुदत 30 दिवसांवरून 20 दिवसांवर आणण्याची तरतूद होती. हा मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत उपलब्ध होता आणि देश टाळेबंदीत होता. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या परिशिष्टातील 22 भाषांत, म्हणजेच मराठीतही, प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातील किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माणसाला आपल्या हक्कात काय बदल होणार, हे आपल्या भाषेत वाचता यावे, असा या आदेशाचा अर्थ होता.

आता विज्ञानाकडे. मूल्यमापन अहवालाचा पाया म्हणजे प्रकल्प येण्यापूर्वीची स्थिती: हवा, पाणी, ध्वनी, माती. या पायाभूत नोंदी पावसाळा वगळून कोणत्याही एका ऋतूत घ्याव्यात, असा प्रघात आहे. पावसाळा वगळण्याचे कारण उघड आहे. पाऊस हवा धुऊन काढतो. परंतु उरलेले ऋतू दिल्लीत एकमेकांसारखे आहेत काय?

प्रदूषक हवेच्या ज्या थरात मिसळतात, त्या थराची उंची आणि त्यातील वाऱ्याचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराला वायुवीजन निर्देशांक म्हणतात. उत्सर्जन तेवढेच राहिले, तर ढोबळमानाने संहती या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उदाहरणादाखल, उन्हाळ्याच्या दुपारी मिश्रणथर 2000 मीटर आणि वारा सेकंदाला 4 मीटर धरला, तर गुणाकार 8000 येतो. हिवाळ्यात थर 500 मीटर आणि वारा सेकंदाला 2 मीटर धरला, तर तो 1000 येतो. तोच धूर, तीच धुराडी, आणि संहती आठपट. भारतीय हवामान विभाग दिल्लीसाठीच्या आपल्या पत्रकांत हा निर्देशांक 6000 चौरस मीटर प्रतिसेकंदाहून कमी आणि वारा ताशी 10 किलोमीटरहून मंद असल्यास स्थिती प्रदूषकांच्या विखुरण्यास प्रतिकूल असल्याचे सांगतो. हे पूर्वानुमान ज्या प्रणालीवर उभे आहे, ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केली. दिल्लीच्या विमानतळावरील हिवाळी धुक्याचा तिचा अभ्यासप्रकल्प 2015 पासूनचा आहे. दिल्लीचा हिवाळा समजून घेण्याचे बरेचसे काम पुण्यात झाले आहे.

म्हणून अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न हा: नोंदी कोणत्या महिन्यांत घेतल्या? मार्च ते मे या काळात घेतल्या असतील, तर धुळीच्या वादळांमुळे मोठे कण भरपूर दिसतील, परंतु ज्वलनातून येणारे सूक्ष्म कण त्यांच्या हिवाळी पातळीपेक्षा बरेच कमी दिसतील. अशा पायावर नव्या धुराड्याची भर टाकून आलेली बेरीज नियमात बसू शकेल. तीच बेरीज डिसेंबरमध्ये बसेलच असे नाही.

दुसरा प्रश्न संख्येचा आहे. अशा अभ्यासात हवेचे 24 तासांचे नमुने साधारणतः आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे घेतले जातात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी 24 नमुने. राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानके 2009ची आहेत. त्यांत 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, आणि वार्षिक सरासरी काढण्यासाठी वर्षभरात किमान 104 मोजमापे हवीत असे ती मानकेच सांगतात. हंगामी 24 आकड्यांची तुलना वार्षिक मर्यादेशी केलेली दिसली, तर ती सदोष आहे हे सांगण्यास पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरा प्रश्न थोडा अवघड आहे. वर मांडलेले पेटीचे गणित संपूर्ण शहराला लागू पडते, एकट्या धुराड्याला तसेच्या तसे लागू पडत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. धुराडे उंच असेल तर धूर या थंड थराच्या वर सोडला जातो आणि रात्रभर जमिनीपासून दूर तरंगत राहतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, मिश्रणथर वाढत वाढत धुरापर्यंत पोहोचतो आणि रात्रभर साठलेला तो धूर काही काळ झपाट्याने खाली ओढला जातो. ही वेळ मुले शाळेच्या मैदानावर असण्याची असते. 24 तासांच्या सरासरीत असा तासाभराचा चढ बुडून जातो. सभेत उभी राहून एखादी आई म्हणते, सकाळी नऊच्या सुमारास मुलाला खोकल्याची उबळ येते, दुपारी येत नाही. या विधानाने प्रदूषणाचे कारण सिद्ध होत नाही. परंतु कोणत्या तासाचे मोजमाप करावे, हे ते नेमके सांगते. चांगल्या प्रयोगाची सुरुवात अनेकदा अशाच निरीक्षणातून होते.

ओखल्याच्या कचरा-ऊर्जा प्रकल्पाचा इतिहास या सर्व प्रश्नांभोवती फिरतो. सुखदेव विहारसारख्या दाट वस्त्यांलगत उभा राहिलेला 16 मेगावॅटचा हा प्रकल्प 2012 मध्ये सुरू झाला. रहिवासी 2009 मध्येच उच्च न्यायालयात गेले होते. प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे वर्ग झाले आणि 2 फेब्रुवारी 2017 रोजी लवादाने 25 लाख रुपयांची भरपाई ठोठावून, अटी घालून प्रकल्प चालू ठेवण्यास मान्यता दिली. क्षमता 40 मेगावॅटपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जनसुनावणीत रहिवाशांनी तीव्र विरोध नोंदवला. तिमारपूरशी तुलना केली तर एक फरक दिसतो. कचऱ्यातील ओलावा, भट्टीचे तापमान, डायॉक्सिनचे मापन हे शब्द आता वस्तीतील निवृत्त कारकून आणि शिक्षिका सहज वापरतात. डायॉक्सिनसाठीची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम आहे आणि ते इतर वायूंप्रमाणे सतत मोजले जात नाही, अधूनमधून नमुना घेऊन मोजले जाते. मधल्या दिवसांत काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दिल्लीत दररोज सुमारे 11,000 टन कचरा निर्माण होतो. गाझीपूरची कचराभूमी 1984 पासून वापरात आहे. तिची उंची 2019 मध्ये 65 मीटरच्या आसपास गेली होती. कुतुबमिनार 73 मीटर आहे. 1 सप्टेंबर 2017 रोजी तिचा एक भाग कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. ओखल्यात कचरा जाळू नका, असे म्हणणाऱ्याने तो कोठे न्यावा याचेही उत्तर शोधले पाहिजे. अन्यथा एका वस्तीचा धूर दुसऱ्या वस्तीचा डोंगर होतो. ओला कचरा उगमापाशीच वेगळा केला, तर जाळण्यास उरतो तो कमी आणि कोरडा. पहिल्या परिच्छेदांतले गणित पुन्हा करून पाहिले, तर हाच उपाय भट्टीच्या बाजूनेही आणि वस्तीच्या बाजूनेही निघतो.

जनसुनावणीची एक भौगोलिक मर्यादा मात्र दिल्लीत ठळकपणे जाणवते. प्रकल्पाची जागा एकाहून अधिक राज्यांत पसरली असेल, तर प्रत्येक राज्यात सुनावणी घ्यावी लागते. येथे निकष जागेचा आहे, वाऱ्याचा नाही. गाझीपूर दिल्लीत आहे; त्याला लागून असलेले कौशांबी उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्ह्यात. धुराला ही सीमा ठाऊक नसते. 2021च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन करून या संपूर्ण प्रदेशाला एकच वायुक्षेत्र मानले. सुनावणीची हद्द मात्र अजून जिल्ह्याचीच आहे. सीमेपलीकडच्या नागरिकास एक मार्ग उरतो: 2006ची अधिसूचना प्रकल्पाशी सयुक्तिक संबंध असणाऱ्या इतरांकडून लेखी हरकती स्वीकारण्यास सांगते. हा मार्ग फारच थोडे लोक वापरतात.

दुसरी मर्यादा सवलतींची आहे. इमारती, बांधकाम आणि नगरवसाहती यांच्या प्रकल्पांना या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. दिल्लीसारख्या शहरात तर मोठे प्रकल्प बहुधा याच प्रकारचे असतात. सेंट्रल व्हिस्टाच्या वेळी भूवापर बदलावरील हरकती दिल्ली विकास प्राधिकरणाने मागवल्या. 1292 हरकती आल्या आणि त्यांवरील सुनावणी 6 व 7 फेब्रुवारी 2020 या दोन दिवसांत उरकली. 5 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने प्रकल्प वैध ठरवला. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी भिन्नमत नोंदवताना पुरेशी माहिती लोकांसमोर न ठेवता घेतलेल्या सल्लामसलतीवर आक्षेप घेतला. किती जण बोलले ही एक संख्या, प्रत्येकास किती वेळ मिळाला ही दुसरी. सुनावणीचे मूल्यमापन दोहोंवर केले पाहिजे.

एवढ्या मर्यादा असताना जावे तरी कशासाठी? सुनावणी हे मतदान नव्हे. अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी प्रकल्प नाकारू शकत नाही. सभेतील बहुमताने प्रकल्प थांबत नाही. मग हाती काय उरते? हाती उरते ती नोंद. आणि नोंदीची ताकद गोव्याने दोनदा दाखवली आहे. गोव्यातील खाणीच्या परवानगीविरुद्ध उत्कर्ष मंडळाने दाखल केलेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2009 मध्ये स्पष्ट केले की, जनसुनावणीत आलेल्या हरकती तज्ज्ञ समितीने का स्वीकारल्या अथवा का फेटाळल्या, याची कारणे दिली पाहिजेत. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात, हनुमान लक्ष्मण आरोसकर यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2019 रोजी पर्यावरण परवानगी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करण्यास सांगितले. 16 जानेवारी 2020 रोजी, अधिक अटींसह, स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला. विरोधक जिंकले, असे या प्रकरणाविषयी म्हणता येणार नाही. परंतु अहवालात काय सांगितले आणि काय दडवले, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओळीओळीने तपासले. तपासता आले, कारण तपासण्यासारखे कागद होते.

म्हणूनच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची अनुपस्थिती खटकते. याच शहरात मापनाची राष्ट्रीय मानके जपणारी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे, आयआयटी आहे, तीन मोठी विद्यापीठे आहेत. वायुगतिकी शिकवणारे वर्ग भरतात, संख्याशास्त्राच्या परीक्षा होतात. आणि काही किलोमीटरवरच्या सभागृहात 24 नमुन्यांवर उभा असलेला निष्कर्ष कोणी न विचारता इतिवृत्तात जातो. तज्ज्ञाने तेथे भाषण करावे अशी अपेक्षा नाही. सूचना प्रसिद्ध झाल्यावर सारांश मिळवावा. नोंदींचे महिने, नमुन्यांची संख्या, वाऱ्याची आकृती कोणत्या केंद्राच्या नोंदींवरून काढली आहे, आणि कचऱ्याचा प्रकल्प असल्यास गृहीत धरलेले उष्मांक मूल्य, या चार गोष्टी शोधाव्यात. जे सापडणार नाही ते चार वाक्यांत, सभेला समजेल अशा हिंदीत लिहून विचारावे आणि प्रत जमा करून पोच घ्यावी. वस्तीतल्या माणसाला आपले निरीक्षण तारीख, वेळ व ठिकाण यांसह मांडण्यास मदत करावी; तारखेसह नोंदलेला खोकला हा विदा होतो, तारखेविना तो केवळ तक्रार राहतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अखेरपर्यंत थांबावे. घोषणा संपतात, ध्वनिक्षेपक हातोहात फिरून थकतो, माणसे जेवणाच्या वेळेस पांगू लागतात. त्यानंतरच गोषवारा वाचला जातो. विचारलेला प्रश्न त्यात नसेल, तर तो तेथेच उभे राहून घालून घेता येतो. उद्या मंजुरीची फाइल उघडणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे, आणि परवा कदाचित न्यायाधीशापुढे, त्या दिवसाचे एवढेच पान असणार आहे.